जुनं ब्लूइंग काढताना घासाघाशी नको
बंदुकीला नवीन ब्लूइंग करायचं म्हणजे खरं काम जुनं काढण्यातच असतं, आणि बरेच जण तिथेच घाई करून थेट पॉलिश पेपर घेऊन घासायला बसतात, मला ते बघवत नाही. ब्लूइंग म्हणजे रंग नाहीच मुळी, स्टीलवरच तयार झालेला मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो तो, साध्या व्हाइट व्हिनेगरनेही निघतो. मग कडा आणि कोरलेली अक्षरं घासून बोथट कशाला करायची? सिरियल नंबरला तर धक्काही लागता कामा नये.

मी आधी बंदूक रिकामी आहे ना ते दोनदा बघतो, पूर्ण खोलतो आणि सगळं तेल ॲसिटोनने पुसून काढतो, कारण तेल राहिलं की व्हिनेगरमधलं ॲसिड तिथे लागतच नाही आणि मग डाग दिसतात. मग पार्ट व्हिनेगरमध्ये, दर ५ मिनिटांनी बघत राहायचं, थर सुटला की लगेच बाहेर. जास्त वेळ ठेवलं तर स्टील करडं, खरखरीत होतं. स्प्रिंगा मात्र ॲसिडमध्ये अजिबात नाही, हायड्रोजन शिरून ठिसूळ होऊ शकतात. अल्युमिनियमचे पार्टही बाजूलाच.

नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा, लगेच कोरडं करा. उघडं स्टील बघता बघता गंजायला लागतं, म्हणून त्याच दिवशी ब्लूइंग होणार नसेल तर तेलाचा हात फिरवून ठेवा आणि करायच्या आधी परत ॲसिटोनने पुसा.