तुम्ही विचारलंत म्हणून: बेरीज जुळत का नाही

"मॅडम, डिमरस्टॅटवर 30 व्होल्ट लावले आणि चोकवर 40 कसे? मीटर बिघडलाय." डिप्लोमाच्या प्रत्येक बॅचकडून हे ऐकते. आता पालकही विचारतात.

मीटर बिघडलेला नाही. डिमरस्टॅट म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायचं साधन. त्याला रेझिस्टर, चोक (तारेचं वेटोळं) आणि कॅपॅसिटर सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडलेले. रेझिस्टरवर 18, चोकवर 40, कॅपॅसिटरवर 16. बेरीज 74 होते, मान्य. पण हे आकडे एका क्षणाचे नाहीत. 50 हर्ट्‌झला एक फेरा 20 मिलिसेकंदांचा. चोकचं व्होल्टेज रेझिस्टरच्या 5 मिलिसेकंद आधी शिखर गाठतं, कॅपॅसिटरचं 5 नंतर. म्हणजे ती दोघं कायम उलट. 40 मधून 16 गेले, उरले 24. 18 आणि 24 ही पाव फेऱ्याने मागेपुढे, म्हणून थेट बेरीज नाही; त्यांच्या वर्गांची बेरीज करा, वर्गमूळ काढा: 30. (खऱ्या चोकच्या तारेलाही रोध असतो. जर्नलमध्ये आकडे इतके गोंडस दिसले की मला संशयच येतो.) किर्चहॉफचा नियम (सगळ्यांवरच्या व्होल्टेजची बेरीज लावलेल्या व्होल्टेजइतकी) क्षणोक्षणी पाळला जातो. मीटर आरएमएस, म्हणजे फेऱ्याभराची एक प्रकारची सरासरी, दाखवतो; कधीचं ते दाखवत नाही.

मग कुणी बेरीज जुळवू लागलं की एवढी चिडता का? एका प्रॅक्टिकल परीक्षेमुळे.

चेंबूरहून येणारी एक मुलगी होती. तिची जोडणी कधी तपासावी लागली नाही. परीक्षेत रीडिंग अगदी बरोबर घेतली, मग बाकावर बसून बेरीज केली आणि घाबरली. 18 तसेच ठेवले. चोकचे 40 खोडून 8 केले, कॅपॅसिटरचे 16 खोडून 4. झाले 30. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी करंट विचारला. 0.1 अँपिअर. कॅपॅसिटर? 20 मायक्रोफॅरड. "मग रिअ‍ॅक्टन्स 159 ओहम, व्होल्टेज 16 यायला हवं. हे 4 कुठून आले?" (रिअ‍ॅक्टन्स म्हणजे एसीला कॅपॅसिटरचा विरोध.) ती गप्प. कागदावर खोडलेल्या 40 चा वळ दिसत होता. परीक्षकांचं चुकलं नाही. अशा वेळी मी मध्ये बोलायचं नसतं, तेही योग्यच. रीडिंग बनवल्याचा शेरा मात्र तिच्या नावावर लागला. बाहेर आल्यावर म्हणाली, "मॅडम, बेरीज 74 का, असं विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?"

पूर्वी मी आधी फेजरचा त्रिकोण (18, 24, 30 अशा व्होल्टेजच्या बाणांचा) शिकवायची, मग मीटर हातात द्यायची. आता उलट करते. तेव्हाची मी आजही भांडते: त्रिकोण पाठ असता तर पोरगी घाबरली नसती. असेलही. पण त्रिकोण घडाघडा काढणाऱ्यांना लोहार चाळीतून आणलेला पंख्याचा कॅपॅसिटर दाखवा. घरात 230 व्होल्ट, मग यावर 440 का छापलंय? वाइंडिंगबरोबर सिरीजमध्ये बसला की त्याच्यावर सप्लायपेक्षा जास्त व्होल्टेज येतं, हे त्यांनाही सुचत नाही.

आधी ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) दाखवा, असं सहकारी सुचवतात. चालू स्थितीतला एकच आहे, आणि बॅच वीसची.