इंदूरच्या डोक्यावरचा क्रॅब आणि साडेनऊ मीटर पाणी

संक्रांतीला पतंग उतरवून झाले की रात्री साडेदहाच्या सुमारास गच्चीवरून सरळ वर पाहा. वृषभेच्या शिंगाच्या टोकाशी क्रॅब नेब्युला, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष असतो, इंदूरच्या जवळजवळ माथ्यावर. त्याचे गॅमा किरण मात्र खाली पोचत नाहीत. शहर ५५० मीटर उंचीवर असलं तरी वरची हवा साडेनऊ मीटर पाण्याइतकी भारी आहे.

म्हणून दुर्बीण फुग्याला टांगून ४० किमी वर न्यायची. तिथे दर चौरस सेंटिमीटरवर तीनच ग्रॅम हवा उरते. ५११ केईव्ही (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचे माथ्यावरून येणारे तीन चतुर्थांश किरण टिकतात. क्षितिजापासून ३० अंशांवर स्रोत असेल तर हवा दुप्पट होते आणि साठ टक्क्यांच्या आसपासच उरतात.

उपकरण बिघडतं ते बहुधा हाय व्होल्टेजपायी. फोटोमल्टिप्लायरला, म्हणजे डिटेक्टरमधला मंद प्रकाश टिपून त्याचा विद्युत सिग्नल करणाऱ्या नळीला, हजारेक व्होल्ट लागतात. ४० किमीवर दाब साधारण ३ मिलिबार, आणि त्या दाबाला अडीच मिलिमीटरच्या फटीत सव्वातीनशे-साडेतीनशे व्होल्टलाच हवा फुटते, म्हणजे तिच्यातून वीज वाहू लागते. बेलजारमध्ये (हवा काढता येणाऱ्या काचेच्या घंटेत) पंप लावून थेट खोल निर्वातात चाचणी घेतली तर सगळं ठीक दिसतं, कारण तिथे वायूच उरलेला नसतो. ही फसवी चाचणी आहे. व्होल्टेज चालू ठेवून दाब सावकाश उतरवा आणि २० ते २ मिलिबारमध्ये तासन्‌तास थांबा. जोडण्या सिलिकॉनमध्ये बुडवताना ते आधी निर्वातात ठेवून बुडबुडे काढा. आत राहिलेला बुडबुडा हळूहळू गळतो आणि उड्डाण सुरू झाल्यावर काही तासांनी नेमका घातक दाबाला येतो.

दुसरी लढाई पार्श्वभूमीशी. वैश्विक किरण हवेवर आदळून स्वतःच गॅमा किरण तयार करतात, ५११ची रेषासुद्धा. १५ ते २० किमीच्या पट्ट्यात मोजणी शिगेला पोचते. वर गेल्यावर उतरली नाही, तर आधी शील्डवर, म्हणजे डिटेक्टरच्या कवचावर, संशय घ्या. डिटेक्टरभोवती बीजीओ (बिस्मथ जर्मेनेट) किंवा सोडियम आयोडाइड या किरण पडताच चमकणाऱ्या स्फटिकांचं कवच लावून, दोन्हींत एकदम सिग्नल आला की ती घटना टाकून द्यायची. हैदराबादला टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) बलून केंद्र आहे, ते इथे मोलाचं ठरतं: चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे सुमारे १७ जीव्हीखालचे (जीव्ही म्हणजे गिगाव्होल्ट, कण चुंबकीय क्षेत्रात किती कमी वळतो याचं माप) वैश्विक कण तिथे पोचतच नाहीत.

तरीही स्रोताकडे वीस मिनिटं पाहिलं की उरलेली पार्श्वभूमी वजा करण्यासाठी वीस मिनिटं बाजूला पाहावंच लागतं, आणि तेही क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर, नाहीतर हवेची जाडी बदलते आणि वजाबाकी चुकते.