ताईंचा डावा कोपरा

ताईंचं टेबल मी आवरलं, त्याला आता सात महिने झाले. तो दिवस अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

मी विम्याच्या दाव्यांच्या विभागात आहे. आजारपण, अपघात, शस्त्रक्रिया यांचे दावे येतात. कागद तपासायचे, कमी असेल ते मागवायचं, पूर्ण झालेली फाईल मंजुरीला पाठवायची. बहुतेक काम संगणकावर होतं. पण एकदा नाकारलेले आणि दावेदाराने पुन्हा विचार करा म्हणून परत पाठवलेले दावे आमच्याकडे अजून कागदी फायलीतच फिरतात. त्या फायली फेरविचार समितीपुढे जातात. समिती महिन्यातून एकदा बसते आणि त्या दिवशी दुपारी बारापर्यंत हातात आलेल्याच फायली घेते. बारा वाजून पाच मिनिटांनी आलेली फाईल पुढच्या महिन्यात.

वर्षाच्या सुरुवातीला टेबलांविषयी परिपत्रक निघालं. १४ नियम. कीबोर्ड आणि फोन पिवळ्या चिकटपट्टीने आखलेल्या चौकटीत. पेनं दोनच. फोटो एकच, तोही तळहाताएवढा. खुर्चीच्या पाठीवर स्वेटर नाही, टेबलावर कुंडी नाही. चालू कामाखेरीज कागद नाही, आणि चालू काम म्हणजे एका वेळी एक फाईल. दर शुक्रवारी पाहणी, २० पैकी गुण, गुणांचा तक्ता दाराशी लावायचा. परिपत्रकाच्या पहिल्याच ओळीत कारण दिलं होतं: माहितीची सुरक्षितता.

आमच्या भागाची पाहणी माझ्याकडे आली. मी नाही म्हटलं नाही. मला आवरलेलं टेबल आवडतं, आणि नियम सगळ्यांना सारखे असले की कुणावर अन्याय होत नाही असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

लोकांनी आपापले मार्ग काढले. एकाने आईचा फोटो ड्रॉवरच्या आत चिकटवला. दिवसातून चार वेळा तो ड्रॉवर उघडायचा आणि काहीही न घेता बंद करायचा. कंबरदुखी असलेली एक सहकारी पाठीमागची उशी रोज लॉकरमधून आणायची आणि संध्याकाळी परत ठेवायची. शुक्रवारी दुपारी चारनंतर तर कुणीच दावे तपासत नव्हतं, सगळे टेबल तपासत होते. हे मी बघत होते आणि तक्त्यात गुण भरत होते.

ताईंना मात्र कायम कमी गुण. त्या आमच्यात सगळ्यात जुन्या. वादातले दावे जास्त करून त्यांच्याकडेच जातात, कारण त्या दावेदाराशी फोनवर बोलतात, डॉक्टरांना पुन्हा पत्र लिहितात, सोडून देत नाहीत. त्यांच्या टेबलावर पाच गठ्ठे असायचे. काही फायली आडव्या, काही उभ्या, एखादी चक्क उपडी. मी दर शुक्रवारी म्हणायचे, "ताई, एवढं जरा आवरा ना." त्या म्हणायच्या, "आवरलेलंच आहे गं." मला वाटायचं, टाळताहेत.

त्या महिन्यात वरिष्ठांची भेट आणि समितीची बैठक एकाच शुक्रवारी आली. गुरुवारी ताई घरच्या कामासाठी दुपारी तीनलाच निघाल्या. संध्याकाळी मला सांगण्यात आलं, की उद्या एकही टेबल भरलेलं दिसता कामा नये. मी चार खोकी मागवली आणि ताईंच्या फायली आडनावांच्या क्रमाने लावून त्यांत भरल्या. सगळ्या खोक्यांवर चिठ्ठी चिकटवली, कुठल्या अक्षरापासून कुठल्या अक्षरापर्यंत. खोकी कपाटांत मावेनात, म्हणून बाहेरच्या बोळात भिंतीला लावून ठेवली. निघताना ते मोकळं टेबल बघून मला समाधान वाटलं होतं, हेही सांगायला हवं.

शुक्रवारी सकाळी ताई आल्या, टेबलाकडे बघत उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "डाव्या कोपऱ्यावरची उपडी फाईल कुठे आहे?"

मी म्हटलं, "आडनाव सांगा, लगेच काढून देते."

त्यांना आडनाव आठवेना. हाताच्या शस्त्रक्रियेचा दावा, सर्जनचं दुसरं पत्र बुधवारी आलेलं, समितीपुढे आजच जायचा, दावेदाराचा आवाज कसा आहे, तो कामावरून बिनपगारी किती दिवस घरी आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. आडनाव तेवढं नव्हतं, कारण आडनावाने ती फाईल त्यांनी कधी शोधलीच नव्हती. ती कोपऱ्यावर होती, उपडी होती, म्हणजे आज. संगणकात शोधावं तर तिथे हाताच्या शस्त्रक्रियेचे कितीतरी दावे. त्यातून भेटीला आलेले लोक साडेदहापासून आमच्या मजल्यावर, आणि ते असेपर्यंत खोकी उघडायची नाहीत असा निरोप.

ती फाईल सव्वा वाजता तिसऱ्या खोक्यात सापडली.

ताईंनी समितीच्या सचिवांना विनंती करून पाहिली. उत्तर माहीतच होतं. मग त्यांनी दावेदाराला स्वतः फोन लावला. मी समोरच बसले होते. त्या म्हणाल्या, "तुमची फाईल आज माझ्याकडून वेळेत गेली नाही. चूक आमची आहे, तुमची काही नाही. पुढच्या बैठकीत ती पहिली असेल." पलीकडचा माणूस काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. ताई बराच वेळ नुसत्या "हो, हो" म्हणत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी माझं नाव कुणापाशी घेतलं नाही. माझ्यापाशीही नाही.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे खुर्ची ओढून बसले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं, की हे गठ्ठे नेमके कसले. त्यांनी सांगितलं. डावा कोपरा म्हणजे तारीख जवळ आलेले. आडवी फाईल म्हणजे डॉक्टरांच्या उत्तराची वाट. उपडी म्हणजे आज हात लावल्याशिवाय घरी जायचं नाही. खिडकीकडचा गठ्ठा म्हणजे ज्यांना नकार जाणार आहे पण पत्राची भाषा अजून नीट जमलेली नाही असे. "सकाळी आले की टेबलच सांगतं मला कुठून सुरू करायचं," त्या म्हणाल्या. मी त्यांचे कागद हलवले नव्हते, त्यांची आठवण हलवली होती.

शनिवार-रविवार मी वाचत बसले. टॉमस मॅलोन यांनी १९८३ साली कचेऱ्यांतली माणसं आपली टेबलं कशी लावतात याचा अभ्यास मांडला होता. टेबलावरचा कागद फक्त सापडावा म्हणून तिथे नसतो, आठवण करून द्यावी म्हणूनही असतो, ही त्यातली मुख्य गोष्ट. ताईंनी शुक्रवारी मला तेच सांगितलं होतं. क्रेग नाइट आणि अलेक्स हॅस्लम यांचा २०१० चा प्रयोगही वाचला. नुसत्या मोकळ्या खोलीपेक्षा झाडं-चित्रं असलेल्या खोलीत लोकांनी १७ टक्के जास्त काम केलं. ती झाडं-चित्रं त्यांची त्यांना लावू दिली तेव्हा ३२ टक्के. आणि त्यांनी लावलेलं त्यांच्यादेखत बदललं, तेव्हा तो फायदा निघून गेला. वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ताईंचं मोकळं टेबल होतं.

चिकटपट्टीची चौकट कुठून आली तेही समजून घेतलं. ती कारखान्यातली पद्धत, 'फाइव्ह एस' या वस्तू जागच्या जागी ठेवण्याच्या जपानी शिस्तीतली. फळीवर पान्याची आकृती काढलेली असते; पाना जागेवर नसला की लांबून दिसतं, आणि पुढच्या पाळीचा माणूस तोच पाना डोळे मिटून उचलू शकतो. तिथे ती चौकट माणसाच्या उपयोगाची आहे. माझ्या स्टेपलरला पुढची पाळी नाही. ब्रिटनच्या कर खात्याच्या एका कचेरीत २००७ साली टेबलांवर काळ्या पट्ट्या लावून पेन आणि कीबोर्डच्या जागा ठरवल्या होत्या, तेव्हा तिथल्या कर्मचारी संघटनेनेही आक्षेप घेतला होता.

पण मला खरं हादरवलं ते आमच्याच परिपत्रकातल्या कारणाने. माहितीच्या सुरक्षिततेचं मानक म्हणजे आयएसओ २७००१. त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत ७.७ क्रमांकाचा मुद्दा मोकळं टेबल आणि संगणकाचा मोकळा पडदा याबद्दल आहे. त्याचा रोख कागदांवर आणि पेनड्राइव्हसारख्या काढता येणाऱ्या साधनांवर आहे, आणि उघड्या राहिलेल्या पडद्यावर. गोपनीय कागद कुलपात ठेवा, उठताना पडदा बंद करा. फोटो, कुंडी, उशी, स्वेटर यांचा तिथे संबंधच नाही. आणि मी काय केलं होतं? लोकांचे शस्त्रक्रियेचे अहवाल चार खोक्यांत भरून रात्रभर उघड्या बोळात ठेवले होते, आणि वर चिठ्ठ्याही लावल्या होत्या. त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर माहितीची सुरक्षितता कुणी मोडली असेल, तर पूर्ण गुण मिळवलेल्या त्या टेबलाने.

सोमवारी मी दोन पानं लिहून सरांकडे गेले. सगळे नियम रद्द करा असं मी लिहिलं नव्हतं. प्रत्येक नियमापुढे एकच प्रश्न लिहिला होता: याने कुठली माहिती सुरक्षित होते? १४ पैकी चारच नियमांपुढे उत्तर भरता आलं. सर आधी नाराज झाले. "गुण कमी आले तर वर उत्तर मला द्यावं लागतं," म्हणाले. ते खरंच होतं. मग मी खोक्यांचं सांगितलं, बोळात रात्रभर, कुलूप नाही. ते गप्प झाले आणि त्यांनी पहिलं पान पुन्हा वाचलं.

सगळं मिळालं नाही. पिवळी पट्टी अजून आहे, तक्ताही आहे. पण एका वेळी एक फाईल हा नियम आमच्या विभागापुरता गेला. फोटो आणि उशी आता पाहणीत धरत नाहीत. कुंडीचं अजून ठरलेलं नाही, ते मी सोडलेलं नाही. आणि ज्यांच्याकडे वादातले दावे आहेत त्यांना टेबलाशेजारी कुलपाचं बुटकं कपाट मिळालं, आडव्या खणांचं. त्यात ट्रे सरकतात. ताईंचे पाच गठ्ठे आता पाच ट्रेमध्ये आहेत. संध्याकाळी ट्रे जसेच्या तसे आत जातात, उपडी फाईल उपडीच राहते. सकाळी त्याच क्रमाने बाहेर येतात. दोन मिनिटांचं काम. कुणाचं टेबल असंच असेल आणि नियमही असेच असतील, तर आधी हे ट्रे मागून बघा. ते देताना कुणाला माघार घेतल्यासारखं वाटत नाही.

आता पाहणीला जाते तेव्हा मी आधी विचारते, "हे इथे का आहे?" बहुतेक वेळा उत्तर असतं. उत्तर असलं की मी गुण कापत नाही.

पुढच्या महिन्यात बैठकीच्या दिवशी सकाळी साडेनऊला ताईंनी ती फाईल माझ्या हातात दिली. "तू नेऊन दे," म्हणाल्या. मी नेऊन दिली, सही-शिक्क्याची पोच घेतली आणि परत येऊन ती पोच त्यांच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवली.