रंग केशरी, हात पाच

दुपारी माळा आवरायला चढलो आणि जुनी वही हाती लागली. पहिल्याच पानावर माझं गिचमिड अक्षर: ‘तारामासा. रंग केशरी. हात पाच. छान आहे.’ खाली ‘जात’ असं लिहून पुढे जागा सोडलेली.

एवढ्यावरून कोण जात सांगणार? मुळात तो मासाच नाही. रंगाचं म्हणाल तर पिसास्टर ऑक्रेशियस ही एकच जात एकाच खडकावर जांभळी, केशरी, तपकिरी अशी चिकटून बसलेली असते. शिवाय अल्कोहोलच्या बरणीत गेलं की सगळेच फिकुटतात. हातांचाही भरवसा नाही. लिंकिया नावाच्या ताऱ्याचा तुटलेला एक हात स्वतःच नवा तारा उगवतो. बरेच दिवस एक लांब हात आणि चार कोंब, असं धूमकेतूसारखं ध्यान दिसतं.

जाणकार आधी त्याला उलटा करतात. वाळूत राहणाऱ्या अ‍ॅस्ट्रोपेक्टेनचे नळीसारखे पाय टोकदार, खडकाला धरून राहणाऱ्यांच्या पायांना टोकाशी चकती. मग मोजमाप: मध्यापासून हाताच्या टोकापर्यंत किती, आणि मध्यापासून दोन हातांमधल्या बेचक्यापर्यंत किती.

लाइप्त्सिगच्या लिंक नावाच्या औषधविक्रेत्याने 1733 मध्येच तारे उलटे करून खालून खाच असलेले आणि नसलेले असे वेगळे काढले होते. 25 वर्षांनी सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने पुन्हा सगळे ‘अ‍ॅस्टेरियास’ या एकाच डब्यात कोंबले. माळा आवरताना मीही हेच करतो, त्यामुळे त्याच्यावर राग नाही.

उलटा तर मीही केला होता, निव्वळ खोडी म्हणून. शेकडो पाय हवेत चाचपडत राहिले. मला वाटलं, संपलं. मग एका हाताचं टोक हळूच मुडपलं, वाळूला टेकलं. शेजारचा हात त्याच्या मदतीला गेला. बाकीचे तीन वर उचलले गेले आणि सगळं अंग सावकाश पलटलं. ताई लांबून हाका मारत होती, पाण्याने माझी चप्पल नेली, तरी मी हललो नाही. आणि त्यातलं वहीत काय उतरलं? ‘छान आहे.’

पेन घेऊन ‘जात’च्या पुढे काहीतरी लिहावं म्हणून बराच वेळ बसलो. खालचे पाय टोकदार होते की चकतीचे, काही केल्या आठवेना. माळा तसाच राहिला.