आईच्या 36 टक्क्यांचे 48 कसे झाले

संजय गांधी निराधार योजनेसाठी आईने केलेला अर्ज तहसीलमधून नामंजूर होऊन आला. कारण एका ओळीत होतं: दिव्यांगत्व 40 टक्क्यांपेक्षा कमी. सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय बोर्डाने दिलेल्या प्रमाणपत्रावर 36 होते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, बाकी सगळं बरोबर.

तहसीलदारांकडे फेरविचाराचा अर्ज टाकायचा म्हणून मी गेले, तर निराधारच्या टेबलावरच्या बाईंनी सरळ सांगितलं, "ताई, आम्ही फक्त कागदावरचा आकडा बघतो. आकडा बोर्डाचा आहे, तिकडेच दाद मागा." इतका उपयोगी सल्ला मला पुढे कुठल्याच ऑफिसात मिळाला नाही. नकार तहसीलचा असला तरी भांडण प्रमाणपत्राशी होतं.

आईचा डावा पाय पोलिओने लहानपणापासून अधू आहे आणि उजव्या डोळ्याने तिला जेमतेम दिसतं. ऑनलाइन अर्जात दोन्ही लिहिलं होतं. बोर्डाच्या दिवशी मात्र अस्थिव्यंगाच्या टेबलावर पाय मोजला आणि तिला बाहेर पाठवलं. "डोळ्याचं कुणी विचारलंच नाही गं," ती म्हणाली. रुग्णालयाच्या गेटवर एकजण 'टक्के वाढवून देतो' म्हणून मागे लागला होता. त्याच्याशी मी बोललेही नाही.

प्रमाणपत्रावरच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 59 मध्ये तशी तरतूद आहे आणि राज्याच्या नियमांत ठरवलेल्या मुदतीत ते करावं लागतं. पण डोळा तपासलाच नाही हे तोंडी सांगून काय होणार? म्हणून आधी आईच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज दिला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि तिच्याच तपासणीच्या नोंदींची प्रत मागितली. त्याच्या उत्तराला 30 दिवस लागू शकतात आणि अपिलाच्या मुदतीतले तेवढे दिवस जातात, तेव्हा हे काम लगेच उरकावं. प्रत आली. डोळ्याचा रकाना कोरा.

मग गणित मांडलं. दोन प्रकारचं दिव्यांगत्व असेल तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा तसाच धरायचा; 90 मधून तो वजा करून जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणायचं, 90 ने भागायचं आणि आलेली संख्या मोठ्या आकड्यात मिळवायची. नेत्रतज्ज्ञांनी आईचा डोळा 20 टक्क्यांत बसेल असं सांगितलं होतं. म्हणजे 36 अधिक 12, एकूण 48. पायाचे 25 च असते तर हाच डोळा धरूनही 39.44 झाले असते आणि ती थोडक्यात बाहेर राहिली असती. त्यामुळे अपिलाच्या भानगडीत पडण्याआधी कागद-पेन घेऊन एवढं करून बघाच.

भाच्याने लिहिलेल्या मसुद्यात आईचे कष्ट, वडिलांचं जाणं, सगळं होतं. मी ते काढलं. त्याला वाईट वाटलं, पण अपील वाचणाऱ्याला टक्केवारी तपासायची असते. उरलं एक पान: अर्जात काय होतं, काय तपासलं, कुठला रकाना कोरा आहे, आणि दोन्हींची पुन्हा तपासणी करावी ही विनंती. सोबत प्रमाणपत्र, नोंदींची प्रत, डोळ्याचे जुने-नवे कागद. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय मी तिथून हलले नाही.

 अपिलाचा निकाल लांबला. आवक क्रमांक घालून स्मरणपत्र दिल्यावर हालचाल झाली. आईचं म्हणणं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या रुग्णालयात पाय-डोळा दोन्ही तपासायला पाठवलं. नवीन प्रमाणपत्रावर 48 आले. आधीच्या UDID कार्डावर (दिव्यांगांचं ओळखपत्र) 40 च्या खालचा पांढरा पट्टा होता, आता 40 च्या पुढचा पिवळा.

तहसीलचा जुना अर्ज मात्र आपोआप जिवंत होत नाही. नव्याने भरावा लागला, आणि आर्थिक वर्ष बदलल्यामुळे उत्पन्नाचा दाखलाही नवा. समितीने मंजूर केल्यावर अनुदान आईच्या खात्यात जमा व्हायला लागलं. मधल्या महिन्यांचं काही मिळालं नाही. त्याबद्दलही लेखी विचारून झालं.