मॉरिस मायनर सोलापुरात आणताना

इंग्लंडमधली १९६० च्या दशकातली मॉरिस मायनर मोटार सोलापुरात आणायची, तर रंगाच्या चकाकीवर भाळण्याआधी कागद तपासावेत, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच विक्रेत्याकडून मी चॅसी क्रमांकाच्या पट्टीचा, तिच्यावरच्या गंजाच्या ठिपक्यांसकट, जवळून काढलेला फोटो मागवला आणि तिथल्या नोंदणीपुस्तकाशी अंकन्‌अंक ताडून पाहिला. स्टीअरिंग उजवीकडे, तेवढी एक चिंता मिटली. बंदरात सीमाशुल्कासाठी भरलेले बिल ऑफ एंट्री मात्र जिवापाड जपावे, कारण २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीची ‘व्हीए’ या व्हिंटेज गाड्यांच्या क्रमांक-मालिकेत नोंदणी करताना ते द्यावे लागते; शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. सोलापुरातल्या सात रस्ता चौकातली गर्दी आणि इथले एप्रिलचे ऊन पाहता, या अटीबद्दल माझी तक्रार नाही.