माझाच आवाज

रात्रीचे साडेबारा. झोप येत नाही म्हणून लिहायला बसलोय.

जेवताना धाकट्याचा फोन ताटाशेजारीच होता. त्यात एक व्हॉइस नोट वाजली आणि माझा घास हातातच राहिला. आवाज माझा होता. 2023 च्या जूनमधला, कोल्हापुरात दंगल झाली तेव्हाचा, ओरडून ओरडून घसा बसलेला. कुणाकडून काय विकत घ्यायचं नाही, कुठल्या गल्लीत कुणाचं दुकान, सकाळी कुठं जमायचं. आईनं मान वर केली नाही, भाकरी वाढत राहिली.

"हे कुठनं आलं?"

"ग्रुपवर फिरतंय. तुझंच हाय की, दादा."

म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. तिथंच अडकलोय मी. उद्या ती नोट पोलिसांपर्यंत गेली तर, नोकरीच्या ठिकाणी गेली तर, हे पण मनात येतंय. ते राहू दे. पण अभिमान?

वर्षभर काय काय सांगून बघितलं त्याला. दसरा चौकात नेऊन मुस्लिम बोर्डिंग दाखवलं, 1906 साली शाहू महाराजांनी त्या पोरांच्या शिक्षणासाठी काय केलं ते सांगितलं. म्हणाला, "तवाचं तवा." 2018 ची आठवण काढली. मोहरम आणि गणपती एकत्र आले होते, आमच्या तालमीत गणपतीची मूर्ती आणि मोहरमचे पंजे शेजारी शेजारी, आणि हाच, अकरा वर्षांचा, एका हातात मोदक आणि दुसऱ्या हातात मोहरमचा गोड चोंगा घेऊन पळतोय. हसला, आणि परत फोनमध्ये तोंड घातलं. माझ्या आजच्या बोलण्यात त्याला उपदेश ऐकू येतो. त्या नोटमध्ये त्याला दादा ऐकू येतो.

7 जूनला मी शिवाजी चौकात होतो. लाठीमार झाला, अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या, पळालो. मग नेट बंद झालं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा फोन गप्प होता. चिडायला नवीन काही येईना, आणि दुपारी बघितलेलं ते गॅरेजचं वाकलेलं शटर डोळ्यांसमोरून हलेना. बाबांची लुना त्या चाचांनी कितीदा उधारीवर दुरुस्त करून दिली होती. दगड मी मारला नाही, असं मी स्वतःला सांगत आलोय. पण गल्ली मीच सांगितली होती. त्याच नोटमध्ये.

ग्रुप सोडला तेव्हा सगळे तुटले. बाबांना ॲडमिट केलं होतं त्या रात्री रक्त द्यायला सात जण धावत आले होते, ते आज समोरून गेले तरी ओळख देत नाहीत. एवढं गमावून बाहेर पडलो, आणि ते सगळं माझ्याच घरात, माझ्याच आवाजात परत आलं. मगाशी मोरीत नळ सोडून रडलो.

आता जरा थंड झालोय. ती नोट परत घेता येणार नाही, किती फोनांत गेली असेल कुणास ठाऊक. आणि त्याला ती आवडली यात नवल तरी काय? मलाही आवडली होती. "भावा, नादच नाय" असे मेसेज धडाधड आले, तेव्हा जन्मात पहिल्यांदा वाटलं होतं की माझं कुणीतरी ऐकतंय. बारावीच्या निकालापासून ह्याच्याशी घरात कोण नीट बोललंय? बाबा असते तर... मी तर नाहीच बोललो. मी नुसतं समजावत राहिलो.

मी ग्रुप सोडला एवढंच त्याला माहीत होतं. का सोडला ते कधी सांगितलंच नव्हतं. लाज वाटायची. आज गच्चीवर गेलो आणि सांगितलं. चाचांचं शटर, गल्ली, सगळं. मधे शाहू महाराजांना आणलं नाही की मोहरमला. तो काही बोलला नाही. फोन खिशात होता, दोनदा वाजला, काढला नाही.

त्या दिवसापासून मी त्या गल्लीत गेलेलो नाही. गाडीचं ऑइल लांब राजारामपुरीत जाऊन बदलतो. त्याला म्हटलं, उद्या चाचांकडे जातोय, येतोस?

बराच वेळ गप्प बसला. मग विचारलं, "त्यांना म्हाईत हाय, तो आवाज तुझा हाय ते?"

म्हटलं, "नाही. उद्या सांगणार आहे."